चाळिशी घालवण्याआधी हातात टेप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चष्म्याला कायमचा रामराम’ अशा जाहिराती हल्ली बेळगावकरांच्या मोबाइलवर सारख्या येऊन पडतात. त्यातल्या बऱ्याच पंचेचाळिशीपुढच्या माणसांसाठी असतात. लांबचे लख्ख दिसते पण वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते, अशांसाठी. या शस्त्रक्रिया खोट्या नाहीत, काही तर उत्तम आहेत. खोटा आहे तो ‘कायमचा’ हा शब्द. जवळची नजर देणारी प्रत्येक शस्त्रक्रिया बदल्यात काहीतरी घेते. एक रात्रीची नजर घेते, दुसरी खोलीचा अंदाज, तिसरी काळ्या-करड्यातला फरक. यातले काय सोडायचे आणि काय राखायचे हे माणसाच्या धंद्यावर ठरते, आणि जाहिरातीत धंदा कोणी विचारत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी दुखण्याचे मूळ. डोळ्यातले नैसर्गिक भिंग लहानपणी मऊ असते. जवळ पाहताना भोवतीचा स्नायू आवळतो, भिंग फुगते आणि जवळचे स्पष्ट होते. वयाबरोबर भिंग कडक होत जाते. दहाव्या वर्षी साधारण १४ नंबरइतके फुगणारे भिंग चाळिशीत पाचेक नंबरवर येते, साठीत तर एक नंबरही मारूनमुटकून. वर्तमानपत्र ४० सेंटिमीटरवर धरले तर २.५ नंबरची ताकद लागते, आणि तासभर वाचायचे तर निम्मी ताकद राखीव असावी लागते. पाचाचे निम्मे अडीच. चाळिशीतच चाळिशी का लागते, त्याचे गणित इतके सरळ आहे. कडक झालेले भिंग पुन्हा मऊ करणारी शस्त्रक्रिया आजमितीला कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही (आणि डोळ्यांच्या व्यायामाने किंवा गाजराने ते मऊ होत नाही, हेही जाता जाता). जे आहे ते सगळे वळसा घालून जाणारे आहे.

तेव्हा पहिले काम कामाच्या जागी बसून करायचे. शिंप्याची टेप घ्या, नेहमीसारखे बसा आणि दुसऱ्याला डोळ्यापासून कामापर्यंतचे अंतर मोजायला सांगा. शंभराला त्या सेंटिमीटरने भागा, म्हणजे त्या कामाला लागणारा नंबर निघतो. शहापुरातला सोनार खडा बसवताना २५ सेंटिमीटरवर वाकलेला असतो, त्याला ४ नंबर हवेत. निपाणीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाईचे अंतर ३५ ते ४० भरते, म्हणजे अडीच ते पावणेतीन. वडगाव-खासबागच्या मागावर तुटलेला धागा ५०-५५ वर जोडला जातो, तिथे दोनच्या आत भागते. दुकानातल्या काँप्युटरला दीड, गाडीच्या डॅशबोर्डला सव्वा. सगळ्यांची चाळिशी एकच, पण एकाच्या कामाचे भिंग दुसऱ्याच्या डोळ्यात घालून उपयोग नाही. हे अंतर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, पुढची निम्मी चर्चा तिथेच सोपी होते.

आता लेझर. सर्वांत जास्त निराशा मायनस नंबरवाल्यांची होते, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला दोन्ही डोळ्यांना उणे २.५ नंबर आहे. तो लांबचे पाहायला चष्मा लावतो आणि वाचताना काढून ठेवतो. चष्मा काढला की त्याचा डोळा आपोआप ४० सेंटिमीटरवर लागलेला असतो. ही निसर्गाने फुकट दिलेली चाळिशी आहे. तो लॅसिक, म्हणजे लेझरने नंबर काढण्याची शस्त्रक्रिया करून, नंबर शून्यावर आणतो. दुसऱ्या दिवशी लांबची पाटी दिसते आणि हातातला मोबाइल दिसेनासा होतो. शस्त्रक्रिया शंभर टक्के यशस्वी, आणि माणूस दवाखान्यात भांडायला हजर! चूक यंत्राची नसते. ‘शून्य झाल्यावर वाचायला चष्मा लागेल’ हे वाक्य कोणी बोललेले नसते किंवा कोणी ऐकलेले नसते. चाळिशीपुढच्या मायनसवाल्याने लॅसिकला होकार देण्याआधी चष्म्याऐवजी लांबच्या नंबराचीच कॉन्टॅक्ट लेन्स घालून दोन दिवस पेपर वाचून पाहावा. शस्त्रक्रियेनंतर जे दिसणार ते हेच.

यावरचा तोडगा म्हणजे एक डोळा लांबला आणि एक जवळला लावणे, त्याला मोनोव्हिजन म्हणतात. वरचढ डोळा शून्यावर आणायचा आणि दुसरा मुद्दाम उणे १.२५ ते १.७५ वर ठेवायचा. वरचढ डोळा कोणता ते घरीच कळते. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून समोरच्या भिंतीवरचे घड्याळ पकडा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहते तो वरचढ. मेंदू काही आठवड्यांत दोन चित्रांतले हवे ते उचलायला शिकतो. सगळ्यांचा मेंदू शिकत नाही, म्हणून लेझरआधी कॉन्टॅक्ट लेन्सवर एक-दोन आठवडे हा प्रयोग झालाच पाहिजे. प्रयोगात नुसते खुर्चीत बसून वाचू नका. जिना उतरा, किटलीतून कपात चहा ओता, सुईत दोरा ओवा, दिवसा दुचाकी चालवा आणि रात्री आधी दुसऱ्याच्या मागे बसून रस्ता बघा. किटलीची धार कपाबाहेर पडत असेल तर दोन डोळ्यांनी मिळून होणारा खोलीचा अंदाज गेला आहे. उद्यमबागेत लेथवर उभा राहणाऱ्याने किंवा रात्री चोर्ला घाटातून गोव्याला गाडी नेणाऱ्याने तर इथेच थांबलेले बरे.

मोनोव्हिजनच्या आणखी दोन गोष्टी बोलल्या जात नाहीत. दीड नंबर आज पुरतो तो डोळ्याचे स्वतःचे थोडे फुगणे शिल्लक आहे म्हणून. साठीत ते संपले की औषधाच्या पट्टीवरची अक्षरे पुन्हा धूसर होतात आणि खिशात हलका चष्मा येतो. दुसरे असे की, लांबचे मुळात चांगले असणाऱ्याच्या एका डोळ्याला जवळचा नंबर द्यायचा तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मधोमध अधिक उंच करावा लागतो. असे उंच केलेले कॉर्निया काही वर्षांत थोडे मागे सरकतात. मायनसवाल्याचा नंबर थोडा शिल्लक ठेवणे हे त्यापेक्षा पक्के काम आहे.

कॉर्नियाची जाडी हा लेझरचा गल्ला. मधोमध तो जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. एक नंबर काढायला साधारण १५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) खर्च होतात, लॅसिकची वरची पापुद्र्यासारखी चकती शंभराच्या वर मायक्रॉन घेते आणि खाली किमान २५० मायक्रॉन अस्पर्श राहावे लागतात; सावध डॉक्टर ३०० धरतात. हिशेब बसत नसेल तर लेझर नाही. जाडीबरोबर कॉर्नियाचा आकार दाखवणारा रंगीत नकाशा काढला जातो, तो कॉन्टॅक्ट लेन्स घालून आल्यास चुकतो. मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद हवी. कॉर्नियावरच लांब-जवळचे वेगवेगळे पट्टे कोरणाऱ्या लेझर पद्धतीही आहेत. मोनोव्हिजनपेक्षा दोन डोळ्यांतला फरक त्यात कमी ठेवता येतो, पण कोरलेले पुसता येत नाही आणि पुढे मोतिबिंदूच्या वेळी लेन्सचा हिशेब अवघड होतो.

कॉर्नियात बसवायच्या चकत्यांचे काय झाले, हे सांगण्यासारखे आहे. एका पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, भर उजेडात त्यातून चष्म्याशिवाय हे पत्र वाचून बघा. वाचता येते, फक्त अंधारल्यासारखे वाटते. बारीक भोकातून येणारा प्रकाश पसरत नाही, म्हणून भिंगाचे काम हलके होते. कॅम्रा नावाची काळी चकती याच युक्तीवर होती. व्यास ३.८ मिलिमीटर, मधले भोक १.६ मिलिमीटर, एका डोळ्यात कॉर्नियाच्या थरात बसवायची. अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकाने, म्हणजे एफडीएने, २०१५ मध्ये तिला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी रेनड्रॉप नावाच्या पाण्यासारख्या पारदर्शक, २ मिलिमीटरच्या चकतीला मिळाली. त्या चकतीभोवती कॉर्निया पांढुरका पडू लागला आणि २०१८ मध्ये एफडीएलाच ती वापरू नका म्हणून सांगावे लागले. कॉर्निया जिवंत कातडे आहे, परकी वस्तू त्याला वर्षानुवर्षे मानवेलच असे नाही. आज कोणी अशी चकती सुचवली तर नम्रपणे उठून यावे. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला चिरा देऊन किंवा त्यात पट्ट्या घालून स्नायूला जागा करून देण्याचे प्रयोगही झाले; ते ज्या सिद्धांतावर उभे आहेत तोच वादग्रस्त आहे, त्यावर शाई घालवत नाही.

टाचणीच्या भोकाचीच युक्ती थेंबांची. पायलोकार्पिन बाहुली आकसवते, पंधरा मिनिटांत जवळचे उजळते आणि काही तासांनी परिणाम ओसरतो. कपाळ दुखणे, तिन्हीसांजेला अंधारून येणे हे ठरलेले. मोठ्या मायनस नंबरवाल्याने डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) तपासल्याशिवाय हे थेंब घालू नयेत, पडदा सुटण्याची दुर्मीळ पण खरी भीती असते. आपल्याकडे अशा एका थेंबाला मिळालेली परवानगी, कंपनीने मंजुरीपलीकडचे दावे केल्यामुळे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी स्थगित केली होती. ‘चष्मा घालवणारे थेंब’ अशी बातमी व्हॉट्सअॅपवर अजून फिरते, स्थगितीची बातमी मात्र कोणी पुढे पाठवली नाही.

उरला तो भिंगच बदलण्याचा मार्ग, आणि पन्नाशीपुढे खरा विचार याचाच. शस्त्रक्रिया मोतिबिंदूचीच. थेंबांनी डोळा बधिर करून २.२ ते २.८ मिलिमीटरची चीर, भिंगाच्या पिशवीला पाचेक मिलिमीटरचे गोल तोंड, आतले भिंग ध्वनिलहरींनी विरघळवून ओढून घ्यायचे आणि घडी केलेली लेन्स पिशवीत उलगडायची. टाका नाही. फरक पडतो तो कोणती लेन्स घालता यात.

साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर लागते. ट्रायफोकल लेन्सवर कोंदणाच्या रेघांसारखी बारीक गोल कडी असतात. ती प्रकाश तीन ठिकाणी वाटून देतात: लांब, साधारण ६० सेंटिमीटर आणि साधारण ४० सेंटिमीटर. वाटणी म्हटली की प्रत्येकाच्या पदरात कमीच पडणार. सुमारे निम्मा प्रकाश लांबला जातो, उरलेला दोघांत विभागतो आणि थोडा वायाच जातो. दिवसा उजेडात हे जाणवत नाही. रात्री समोरून येणाऱ्या दिव्याभोवती कडी दिसतात, आणि करड्यावरचे काळे ओळखणे जड जाते. ज्याने गळिताच्या हंगामात उगार किंवा संकेश्वरच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवली आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी, अशी उसाची ट्रॉली म्हणजे नेमके करड्यावरचे काळे. रात्रीच्या ड्रायव्हरला ट्रायफोकल घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि वरच्या सोनाराने टेप पुन्हा काढावी: लेन्स ४० वर लागते, त्याचे काम २५ वर आहे. एवढे पैसे मोजून खडा बसवताना त्याला चष्मा लागणारच.

कड्यांशिवायची, नजरेची पट्टी लांबवणारी ईडॉफ लेन्स मधला मार्ग आहे. लांबचे आणि काँप्युटरचे चांगले, दिव्याभोवतीची कडी कमी, बारीक छपाईला मात्र हलका चष्मा. मागावर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्याला ती पुष्कळदा पुरते.

या महागड्या लेन्सा फसतात त्याची कारणे बहुतेक वेळा शस्त्रक्रियेआधीच डोळ्यात बसलेली असतात. मधुमेहाने सुजलेला पडदा, काचबिंदू, वाकडातिकडा कॉर्निया, यांपैकी काहीही असेल तर आधीच कमी पोचणारा प्रकाश आणखी वाटायचा नसतो. म्हणून मागच्या पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन न करता ट्रायफोकल ठरवू देऊ नका. कोरडा डोळा हे दुसरे लबाड कारण. तंबाखूच्या वखारीतली भुकटी, फौंड्रीतली धूळ, दिवसभर पंख्याखालचे काम यांनी अश्रूंचा थर तुटका होतो आणि कॉर्नियाचे माप दर वेळी वेगळे येते. चारेक आठवडे उपचार करून माप पुन्हा घ्यायचे, घाई करायची नाही. डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटरची चूक म्हणजे अडीच-तीन नंबरची चूक. साध्या लेन्सला पाव-अर्धा नंबर इकडेतिकडे चालतो, ट्रायफोकलला नाही. सिलिंड्रिकल नंबर पाऊणच्या वर उरला तरी सगळी मजा जाते. तो असेल तर टोरिक लेन्स लागते आणि ती आखलेल्या रेषेवरच बसावी लागते. १० अंश फिरली की एक तृतीयांश उपयोग गेला, ३० अंश फिरली की सगळाच. त्या रेषेची खूण डोळ्यावर कधी करणार, बसलेले असताना की आडवे झाल्यावर, हे विचारायला संकोच नको. आडवे झाल्यावर डोळा थोडा फिरतो, म्हणून खूण बसल्या बसल्या केली जाते, किंवा यंत्र ती जुळवून घेते.

शस्त्रक्रियेनंतरचे तीन ते सहा महिने मेंदूच्या शिकण्याचे. कडी पूर्ण जात नाहीत, त्यांच्याकडे लक्ष जाणे कमी होते. तरीही जमलेच नाही तर लेन्स काढून साधी घालता येते, पण ते पहिल्या काही महिन्यांत सोपे. इथे एक बारीक फास आहे. पिशवीच्या मागच्या पापुद्र्यावर जाळी येते आणि यॅग लेझरने तिला भोक पाडतात. धूसरपणा लेन्समुळे आहे की जाळीमुळे हे ठरण्याआधी यॅग केले, तर लेन्स बदलणे फार जोखमीचे होते.

मोतिबिंदू नसताना, निव्वळ चष्मा नको म्हणून भिंग काढायचे का? पंचेचाळिशीत, विशेषतः मोठ्या मायनस नंबराच्या लांब डोळ्यात, आमच्या मते नाही. शिल्लक असलेले फुगणे त्या दिवशी संपते आणि पुढे पडदा सुटण्याचा धोका तरुण, लांब डोळ्यांत जास्त असतो. पंचावन्नला, प्लस नंबर आणि किंचित गढूळ भिंग असेल तर गोष्ट वेगळी.

आणि ज्यांना मोतिबिंदू आहेच, त्यांच्यासाठी एक गोष्ट कोणतीही जाहिरात सांगत नाही, कारण तिच्यात विकण्यासारखे काही नाही. दोन्ही डोळ्यांत साधीच मोनोफोकल लेन्स घाला, पण पहिला डोळा लांबला आणि दुसरा उणे १ ते १.५ वर ठेवायला सांगा. लेन्सचा खर्च एक पैसाही वाढत नाही. बाजार, स्वयंपाक, मोबाइल, बसची पाटी, गणपतीची आरती चष्म्याशिवाय होते. पोथीच्या बारीक टाइपाला साधी चाळिशी. दुसऱ्या डोळ्याचा नंबर ठरवायला पहिल्याचा निकाल हाताशी असतो, ही त्यातली खरी गंमत. मात्र हे लेन्सची पॉवर काढण्याआधी सांगायचे असते, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

पैशांचे थोडक्यात. साडेसात नंबरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आरोग्य विम्यात बसत नाही, हा विमा नियामक आयआरडीएआयचा ठरलेला अपवाद आहे. चाळिशीची लेझर त्यात सरळ बाहेर पडते. मोतिबिंदूला विमा असतो पण पॉलिसीत बहुधा मर्यादा असते, वरच्या लेन्सचा फरक खिशातून. आधी लेखी विचारा. संमतीपत्र आपल्या भागात बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. ते मराठीतून वाचून दाखवा म्हणणे हा भाषेचा वाद नाही, सहीचा आहे. त्यात ‘चष्मा लागू शकतो’ हे वाक्य कुठेतरी असतेच, ते बोट ठेवून दाखवायला सांगा. जवळची नजर तपासताना तक्त्यावर विसंबू नका. रोज वाचता तो शेताचा उतारा, तोच मापाचा कागद, तीच औषधाची पट्टी सोबत न्या.

घरी परतताना दोन कागद हातात हवेत. लेन्सच्या डब्यावर सोलून निघणारे स्टिकर असते, त्यावर मॉडेल, पॉवर आणि अनुक्रमांक छापलेला असतो. त्यातले एक तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि बिलातले नाव त्याच्याशी ताडून बघा. लेझर केले असेल तर शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि वक्रतेची मापे यांची प्रत मागून घ्या. वीस वर्षांनी मोतिबिंदू होईल तेव्हा लेन्सचा हिशेब त्या जुन्या आकड्यांनी सोपा होतो. तोवर दवाखान्यातली फाइल असेलच असे नाही, म्हणून ती प्रत घराच्या कागदपत्रांबरोबर एकाच पिशवीत ठेवा.

आपले,
नेत्रतपासणीच्या कामातले काहीजण,
बेळगाव